युद्धाचा ताळेबंद आणि चर्चमधील चर्चासत्रे

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले. त्यानंतर जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून या युद्धाच्या दूरगामी परिणामांवर चर्चासत्रे झाली. आमच्या वाशीम जिल्ह्यातील एका मंडळीनेही असे एक लहानसे चर्चासत्र ठेवले आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मला बोलावले. मी बौद्ध. श्रोते बहुतेक ख्रिस्ती. पण आमचे आजे-पणजे एकाच वाड्यातले, ही गोष्ट तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ती कोणी बोलून दाखवीत नव्हते, एवढेच.

पाळकांनी प्रार्थना केली. एक वक्ते शांतीवर बोलले, दुसरे निर्वासितांवर. दोघेही कळकळीने बोलले. शेवटी कोणाला काही विचारायचे आहे काय, असे म्हणताच मागच्या सतरंजीवरून रोजमजुरी करणारी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "लढाई त्यायची, अन् तेल आमचं काहून महागलं?"

सभागृहात हसू पिकले. मी तिला पाच मिनिटांत उत्तर दिले. आपल्या देशात येणारे सूर्यफुलाचे तेल मुख्यतः युक्रेन आणि रशियातून येते, ते अडले म्हणून सगळीच तेले महागली, असे ते उत्तर होते. ते खरे होते, पण अपुरे होते. म्हातारीने युद्धाचे कारण विचारले नव्हते. युद्धाचे बिल आपल्या दारात कोणी आणि का पाठविले, हे तिने विचारले होते. चर्चच्या चर्चासत्रांनी गेल्या शंभर वर्षांत हा प्रश्न कितपत विचारला, आणि आपण आंबेडकरी म्हणविणाऱ्यांनी तो कितपत विचारला, याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

दूरच्या युद्धाचा भार वाशीमने वाहण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांना काळ्या माणसांची गुलामी टिकवायची होती. उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. गिरणीवाल्यांची नजर मग वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. कापसाचे भाव कधी नव्हते एवढे चढले. ज्वारीच्या रानात कापूस उभा राहिला. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, त्याची कथा पुस्तकांतून आहे. वऱ्हाडातील कर्जबाजारी कुळाची आणि त्याच्याही खालच्या माणसाची कथा मात्र फारशी कोणी लिहिली नाही.

हा खालचा माणूस कोण, हे स्पष्ट करून घेतले पाहिजे. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला चार वर्षे तरी चढा भाव मिळाला. सावकाराला व्याज मिळाले, अडत्याला दलाली मिळाली, सरकारला सारा मिळाला. परंतु गावकीची कामे करून धान्यावर जगणाऱ्या महाराला, मांगाला कापसाच्या भावाशी काय कर्तव्य? ज्वारीचे रान कमी झाले की त्याची भाकर महाग होई. तेजी त्याच्या घरी आली नाही, मंदी मात्र आली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडची माणसे मेली, त्या वेळच्या बासिम जिल्ह्याची लोकसंख्या घटली. भुकेच्या वेळी कापूस शिजवून खाता येत नाही, हा धडा लोकांनी तेव्हा गिरवला. त्याच दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी मिशनांनी पोरकी मुले गोळा केली, वाढविली. आज ज्यांना आपण पिढीजात ख्रिस्ती म्हणतो अशा कित्येक घरांचा आरंभ त्या अनाथाश्रमांत आहे.

याच युद्धाकडे आपल्याकडच्या एका माणसाने वेगळ्या नजरेने पाहिले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. मुंबईचे शेटजी ज्या युद्धात कापसाचा भाव पाहत होते, त्या युद्धात जोतीराव गुलामाची बेडी तुटताना पाहत होते आणि इथली बेडी केव्हा तुटेल असे विचारीत होते. आपल्या परंपरेत दूरच्या युद्धाचा अर्थ लावण्याची सुरुवात इथून होते, असे मी मानतो.

आता चर्चकडे येऊ. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानात गॉसनर, बासेल, लाइपझिग अशा जर्मन नावाच्या मिशनांचे मोठे काम होते. इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना शत्रू ठरविले. कित्येकांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत डांबले, पुढे मायदेशी धाडले. काल एकाच येशूचे नाव घेणारे आज एकमेकांचे कैदी झाले. शाळा कोणी चालवायच्या, कारखाने कोणाच्या ताब्यात द्यायचे, मंडळ्या कोणी सांभाळायच्या, हे प्रश्न उभे राहिले. ते प्रश्न खरे होते. छोटा नागपुरातल्या आदिवासी ख्रिस्त्यांना तर त्या निमित्ताने आपले चर्च आपणच चालविण्याची संधी मिळाली आणि १९१९ साली गॉसनर चर्च स्वायत्त झाले. मालकाच्या भांडणात गड्याला क्वचित असाही लाभ होतो.

त्याच युद्धाने आपल्या लोकांशी कसा व्यवहार केला, ते पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली होती. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली सरकारला महार आठवले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. त्याच सुमारास पंजाबातील ख्रिस्ती शिपायांची ७१ वी पलटण उभारली गेली. पंजाबातले बहुसंख्य ख्रिस्ती म्हणजे पूर्वाश्रमीचे चूहडा, आपल्यासारखेच गावाबाहेरचे. युद्ध संपल्यावर १९२० साली महारांची पलटण या ख्रिस्ती पलटणीत मिसळून टाकली आणि १९२१ मध्ये मोडीत काढली. धर्मांतर केलेला आणि न केलेला, असे दोन्ही अस्पृश्य साम्राज्याने एका पंक्तीला बसविले आणि एकाच वेळी उठविले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीचीही मानली जात नाही. मला ती फार बोलकी वाटते.

१९३८ हे साल या विषयात मध्यवर्ती आहे. त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. येवल्याची घोषणा होऊन सव्वादोन वर्षे झाली होती आणि बाबासाहेब कोणता धर्म घेणार याकडे सर्वांचे डोळे लागले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींविषयी आपल्याला वाटणारे आकर्षण त्यांनी बोलून दाखविले. पण ते तिथे गौरवाचे भाषण करून थांबले नाहीत. दक्षिणेतील चर्चमध्ये अस्पृश्य ख्रिस्त्याला वेगळे बसवितात, शिकलेसवरलेले ख्रिस्ती आपल्याच गरीब बांधवांवरील अन्यायाविरुद्ध लढत नाहीत, राजकारणापासून अंग चोरतात, असे त्यांनी सुनावले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेची जागतिक बैठक भरली. सुमारे सत्तर देशांतून साडेचारशेच्या वर प्रतिनिधी आले. ही बैठक मुळात चीनमध्ये व्हायची होती. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली म्हणून ती हिंदुस्थानात हलविली गेली. म्हणजे ज्या युद्धाची चर्चा करायची त्या युद्धानेच परिषदेची जागा ठरविली होती. चिनी आणि जपानी ख्रिस्ती एकाच छताखाली बसले. जपानचे तोयोहिको कागावा तिथे होते. परिषदेनंतर, जानेवारी १९३९ मध्ये, ते गांधीजींना भेटले. जपानच्या युद्धाविषयी जे खरे वाटते ते आपल्या देशात उघडपणे बोला, मग जी किंमत पडेल ती द्या, अशा आशयाचा सल्ला गांधीजींनी त्यांना दिला. तांबरमच्या मंडळींचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. गरिबांचे चर्च परक्या पैशाशिवाय कसे उभे राहील, याचाही त्यांनी तपशीलवार अभ्यास केला होता.

तरीही सोलापूरचे भाषण आणि तांबरमची परिषद एकाशेजारी एक ठेवून पाहावी. अस्पृश्यांची सामूहिक धर्मांतरे त्या वेळी मिशनरी जगात मोठा विषय होती. पण ती 'किती येतील आणि त्यांना कसे सांभाळावे' या अंगाने. सोलापुरात विचारलेला प्रश्न निराळा होता. आलेल्या माणसासाठी तुम्ही कोणाशी लढणार, हा तो प्रश्न. चीन आणि जपान यांच्यातील युद्ध परिषदेला दिसत होते, कारण त्याला दोन झेंडे होते. प्रत्येक गावात वेशीच्या आत आणि बाहेर चाललेल्या युद्धाला झेंडा नव्हता.

योगायोगाची गोष्ट अशी की, १९३८ च्या सुमारासच आमच्या वाशीमला नाझरिन चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायशर या डॉक्टरबाईंनी दवाखाना उभा केला. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे त्याचे नाव. आमच्या घरात त्याला नुसते मिशनचा दवाखाना म्हणत. माझा जन्म तिथला. बाळंतपणाला गेल्यावर जात न विचारता खाट मिळाली, हे माझी आई मरेपर्यंत सांगत असे. चर्चवर टीका करताना ही खाट मी विसरत नाही. पण खाट मिळणे आणि वाडा सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथून बाळ घेऊन माझी आई परत आली ती वाड्यातच.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुन्हा जर्मन मिशनरी छावण्यांत गेले. पुढे नॉर्वे, डेन्मार्क असे देश हिटलरने घेतल्यावर तिथून येणारा पैसाही थांबला. अशा मिशनांना 'पोरकी मिशने' म्हणण्याची पद्धत पडली आणि त्यांच्यासाठी जगभरातून निधी उभा राहिला. नागपूरच्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेने या कामात पुढाकार घेतला. एका देशाच्या ख्रिस्त्यांनी शत्रुदेशाच्या मिशनाला मदत पाठविली, ही साधी गोष्ट नाही. परंतु पोरके कोण, हा शब्दाचा प्रश्न इथे उभा राहतोच. १९४३ साली बंगालमध्ये भूकबळी पडले. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. मेलेले बहुतेक भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी, गावातले कारागीर होते. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव 'पोरके' म्हणून कोणत्या निधीच्या वहीत चढण्याजोगे नव्हते, कारण त्यांची संस्था नव्हती.

या युद्धात बाबासाहेबांनी घेतलेली भूमिका तरुणांनी मुळातून वाचावी. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून त्यांनी हिंदी मजूर हे युद्ध जिंकण्याचा निर्धार का करतो, या विषयावर भाषण केले. नाझी जिंकले तर कामगाराला माणूस म्हणून जगता येणार नाही, हे त्यांनी सांगितले. पण युद्ध जिंकून जुनीच व्यवस्था परत येणार असेल तर मजुराला त्यात रस नाही, हेही सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांचा मजुराच्या दृष्टीने काय अर्थ होतो, तो त्यांनी उलगडला. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीला कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात बोलताना, आर्थिक विषमतेकडे डोळेझाक केल्यामुळे संसदीय लोकशाही अपयशी ठरली, असे निदान त्यांनी केले. तेही एक चर्चासत्रच होते. युद्ध ऐन भरात असताना, युद्धानंतर कोणाच्या वाट्याला काय येणार असे विचारणारे चर्चासत्र.

मात्र इथे भक्तिभावाने थांबणे आपल्याला परवडणार नाही. १९४३ मध्ये कोळशाची टंचाई पडली म्हणून स्त्रियांना खाणीत खाली उतरविण्यावरील बंदी सरकारने उठविली. या निर्णयावर १९४४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात टीका झाली तेव्हा मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. हा आणीबाणीचा उपाय आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. त्या खाणींत उतरलेल्या बाया बहुतेक आदिवासी आणि दलित होत्या. आपल्यातला सर्वांत मोठा माणूस मंत्रिपदावर असतानाही युद्धाचे ओझे शिडीच्या खालच्या पायरीवरच येऊन टेकले. हे नोंदविल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. उतरंड किती जबर असते ते कळते.

ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, १९४२ मध्ये कामठीला दुसरी. त्या पलटणींचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण पलटणीत मिळालेला मान गावाने परत आलेल्या शिपायाला दिला काय, हा प्रश्न आपण आपल्या मेळाव्यांतून किती वेळा विचारतो? चर्चने संस्थेची हानी मोजली, आपण पलटणीची कीर्ती मोजली. मजुराच्या घरातला हिशोब दोघांच्याही वहीत आला नाही.

युद्धानंतर १९४८ साली ॲमस्टरडॅमला जागतिक चर्च परिषद स्थापन झाली. युद्ध हे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असे तिने जाहीर केले. १९६१ साली तिचे अधिवेशन नवी दिल्लीला झाले. ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२२ या काळात जर्मनीत कार्ल्सरूहे येथे भरलेल्या अकराव्या अधिवेशनात युक्रेनचे युद्ध हा मोठा विषय होता. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रतिनिधी तिथे होते आणि युक्रेनमधून आलेलेही होते. परिषदेने हे युद्ध बेकायदेशीर व असमर्थनीय ठरविले. तांबरमच्या चिनी-जपानी प्रतिनिधींची आठवण यावी असा तो प्रसंग होता.

दरम्यान इथे काय घडले? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला. दलित ख्रिस्ती त्याबाहेर राहिला. एकाच वाड्यातल्या दोन भावांपैकी एक बुद्धाकडे गेला, एक येशूकडे. सरकारदरबारी एक अनुसूचित ठरला, दुसरा ठरला नाही. गावाने मात्र दोघांना ओळखण्यात चूक केली नाही.

आता म्हातारीच्या तेलाकडे परत जातो. युक्रेनमधून सूर्यफुलाचे तेल येणे अडले. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ च्या अखेरीस काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. शहरातील गिऱ्हाइकाची ओरड होऊ नये म्हणून केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये कच्चे सोयाबीन तेल आणि कच्चे सूर्यफूल तेल प्रत्येकी २० लाख टन दरवर्षी आयातशुल्काशिवाय आणण्याची दोन वर्षांसाठी मुभा दिली. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. बाहेरचे तेल स्वस्तात येत राहिले, जगातले भावही उतरले आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार त्याच्या खाली होता. एप्रिल २०२२ पासून डीएपीचे पोते १,२०० वरून १,३५० रुपयांवर गेले होतेच.

शेतकऱ्याचे नुकसान झाले, यात शंका नाही. पण शेतकऱ्याच्या खाली आणखी एक पायरी आहे. हातात पैसा नसला की तो निंदणाच्या बाया कमी लावतो, तणनाशक मारतो, मजुरी उद्यावर टाकतो. जिला सोयाबीन विकायचे नव्हते आणि खत घ्यायचे नव्हते, तिचा रोज बुडतो. तेल महागले तेव्हा तिने ते महाग घेतले. सोयाबीन उतरले तेव्हा तिची मजुरी अडली. १८६१ ते १८६५ च्या कापसाचे हेच गणित होते. भाव चढो की उतरो, खालच्या पायरीच्या वाट्याला वजाबाकीच येते, कारण भावावर तिची मालकी नाही आणि जमिनीवरही नाही. जमीन का नाही, याचे उत्तर युक्रेनमध्ये सापडणार नाही. ते वाशीमच्या सातबाऱ्यात आणि त्यामागच्या जातीच्या इतिहासात आहे.

म्हणून चर्चमधील चर्चासत्रांना माझे सांगणे असे की, युद्धावर जरूर बोला. तुम्ही बोलता ही चांगली गोष्ट आहे. आमच्या विहारांतून एवढेही बोलले जात नाही, ही आमची लाज आहे. पण युद्धाच्या परिणामांचा हिशोब मांडताना, या गावात याचे बिल कोणत्या पायरीवर वसूल झाले, ते विचारा. तुमच्याच मंडळीत भूमिहीन किती, रोजंदारीवर किती, सवलतीविना शिकणारी मुले किती, ते मोजा. आणि त्याच वाड्यातून निघालेल्या बौद्ध भावाला पाहुणा वक्ता म्हणून एक दिवस बोलावण्यापेक्षा मजुरीच्या लढ्यात वर्षभर शेजारी उभे करा. हेच सांगणे मला माझ्या बौद्ध मित्रांनाही आहे. ख्रिस्ती झालेला भाऊ आपल्या जयंतीच्या मंडपात का दिसत नाही, याचे उत्तर एकट्या त्याच्याकडे नाही.

सभा संपल्यावर ती म्हातारी दारात भेटली. मी दिलेले उत्तर कळले का, असे विचारले. ती म्हणाली, "कळलं गुर्जी. पण तुमी सांगलं ते तेलाचं. माया रोजाचं कोन सांगल?"

तिच्या रोजाचे उत्तर अजून द्यायचे आहे. पुढचे चर्चासत्र, मग ते चर्चमध्ये भरो की विहारात, तिच्या प्रश्नापासून सुरू व्हावे.